सल्ला हवा: जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतले व्यवहार कसे समजून घ्यावेत?

पाटीपेन्सिल
वाचनगटात जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' आणि 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' लागोपाठ घेणार आहोत. भाषा अडत नाही, व्यवहार अडतात. 'वर्षाला दहा हजार' हा पगार आहे का? पाच मुली असताना इस्टेट लांबच्या नातेवाइकाकडे का जाते? मुलीने पत्र लिहिलं तर घरच्यांना काळजी का? सुरुवात कशापासून करू?

शाईदौत
पैशापासून. ते आकडे पगाराचे नाहीत, जमिनीच्या खंडाचे किंवा सरकारी रोख्यांवरच्या व्याजाचे आहेत. मुद्दल दिसली की तिचे ४ ते ५ टक्के काढा. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या तरुण बिंग्लीला वडिलांकडून जवळपास १ लाख पौंड मिळाले, म्हणून पाच मुलींची आई मिसेस बेनेट 'वर्षाला चार-पाच हजार' म्हणते. तिच्या नवऱ्याचं, बेनेटचं उत्पन्न २ हजार, पण ते जमिनीचं, आणि त्या जमिनीला 'एन्टेल' आहे: ती फक्त पुरुष वारसाला जाते, मालकाला विकता येत नाही की मुलींच्या नावे करता येत नाही. आईबापांच्या पश्चात पाच मुलींत ५ हजार, म्हणजे प्रत्येकीला १ हजार. ४ टक्क्यांनी वर्षाला ४० पौंड. त्यानंतरच्या पिढीतल्या 'जेन एअर'मध्ये गव्हर्नेसला, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या बाईला, वर्षाला ३० पौंड मिळतात, वर राहणं-जेवण. आईची घालमेल इथे कळते. तिला नुसती हास्यास्पद मानून वाचलं तर अर्धी कादंबरी हातची जाते.

आजच्या रुपयांत मात्र रूपांतर करू नका. नोकर, घोडे आणि घरभाडं यांचे भाव वेगवेगळ्या गतीने बदललेत, त्यामुळे उत्तर फसवं येतं. पात्रांची एकमेकांशी तुलना करा.

(२० शिलिंगांचा पौंड, १२ पेन्सांचा शिलिंग, २१ शिलिंगांची गिनी.)

टाकबोरू
पत्रांबद्दल. १८४० पर्यंत टपालखर्च बहुधा पत्र घेणारा भरायचा, तोही अंतर आणि कागदांची संख्या पाहून. पाकीट म्हणजे आणखी एक कागद, म्हणून पत्रच दुमडून लाखेने बंद करायचे. जागा पुरली नाही तर तोच कागद आडवा धरून आधीच्या ओळींवरून लिहायचे. पार्लमेंटच्या सभासदाच्या सहीने पत्र फुकट जायचं, त्यामुळे असा ओळखीचा माणूस फार उपयोगाचा.

अविवाहित मुलीने परक्या पुरुषाशी पत्रव्यवहार करणं म्हणजे लग्न ठरल्याची खूण. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'त मेरिअन विलबीला पत्र लिहिते तेव्हा तिची बहीण एलिनॉर तोच अर्थ काढते. हे माहीत नसेल तर तो सगळा भाग सपाट वाटतो.

शाईदौत
आणखी एक ठेच: 'मॉर्निंग' म्हणजे आपली सकाळ नव्हे, 'डिनर' या मुख्य जेवणापर्यंतचा सगळा दिवस. 'मॉर्निंग कॉल' दुपारी व्हायचा, बहुधा पंधरा मिनिटांचा. आणि नुसतं 'मिस बेनेट' म्हटलं की थोरली जेन; धाकट्यांना नाव जोडतात, मिस एलिझाबेथ. ऐकणाऱ्या पात्राला हे आपोआप कळतं, आपल्याला संवाद कुणाशी चाललाय ते चुकतं.

पाटीपेन्सिल
फार उपयोगी. 'कझिन'शी लग्न चालायचं का? भाषांतरात सरसकट 'चुलत' दिसतं.

टाकबोरू
चालायचं, चारही बाजूंनी. भाषांतर तिथेच घसरतं. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधली लेडी कॅथरिन ही नायक डार्सीच्या आईची बहीण, म्हणजे ती ज्या मुलीशी त्याचं लग्न लावू पाहते ती त्याची मावसबहीण. 'मॅन्सफिल्ड पार्क'मध्ये फॅनी आणि एडमंडही मावसभावंडं. आपल्याकडे अनेक समाजांत मामेबहीण चालते, मावसबहीण ही मात्र बहीणच. त्यामुळे 'चुलत' किंवा 'मामे' लिहिलं की नातंच बदलतं. उलट वारलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न, जे आपल्याकडे होत आलंय, ते इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने रद्दबातल ठरायचं, थेट १९०७ पर्यंत. प्रत्येक 'कझिन'पाशी थांबून वंशवेल काढा, मगच शब्द निवडा.