उसातल्या पंपाने निमतेल फवारलं आणि परसबाग पिळवटली. कढीपत्ता वाचेल का?

नमस्कार. आम्ही कराडजवळ राहतो. घरामागे परसबाग आहे. टोमॅटो, मिरची, वांगी, जास्वंद, थोडे गुलाब, आणि सासूबाईंनी लावलेला बारा वर्षांचा कढीपत्ता.

तीन आठवड्यांपूर्वी मिरचीवर पांढरी माशी दिसली म्हणून निमतेल मारायचं ठरवलं. घरचा छोटा पंप बिघडला होता, म्हणून दिरांचा पाठीवरचा पंप घेतला. आदल्याच आठवड्यात त्यांनी त्यातून उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलं होतं. "दोनदा पाणी फिरवलंय, वहिनी," म्हणाले. मीही एकदा खंगाळून घेतला.

चौथ्या दिवशी टोमॅटोचे शेंडे खाली वळले, देठ दोरीला पीळ द्यावा तसे पिळले. आता येणारी नवीन पानं अरुंद आहेत, शिरा सगळ्या एका जागी ओढल्यासारख्या. मिरची बघून आधी वाटलं, पानं आकसणारा बोकड्या रोगच आलाय. पण वांगी आणि जास्वंदही तशीच झालीत. गवती चहा आणि कुंपणाजवळचा मका मात्र जसाच्या तसा, आणि फवारा त्यांच्यावरही गेला होता.

टोमॅटो-मिरची गेली तर पुन्हा लावता येतील. जीव अडकलाय तो कढीपत्त्यात. त्याच्या खालच्या फांद्यांची कोवळी पानं वाकडी झालीत, वरचा भाग अजून हिरवा आहे. सासूबाई आता नाहीत, हे झाड आहे. छाटू की हात लावू नको? मातीतही औषध उतरलं असेल का? झाडावर आठ-दहा टोमॅटो पिकलेत, मुलं मागतात. देऊ का?

उत्तर :
ताई, हे टू-फोर-डीच. ते रुंद पानांच्या झाडांना मारतं, गवतवर्गाला सहसा धक्का लावत नाही. म्हणून तर उसात चालतं. मका आणि गवती चहाही त्याच वर्गातले. बोकड्या विषाणूमुळे येतो, तो एका आठवड्यात मिरची, वांगी, जास्वंद सगळ्यांवर एकदम येत नाही. आमच्या तासगाव भागात द्राक्षवाले या औषधाला फार घाबरतात, कारण टोमॅटोसारखीच द्राक्षवेलही याला अगदी नाजूक.

टोमॅटो मुलांना देऊ नका. ती रोपं उपटा, पण खतखड्ड्यात टाकू नका. कढीपत्त्याला आत्ता कात्री लावू नका, खताचाही मारा नको, नेमाने पाणी द्या. जुनं झाड आहे आणि मार थोड्याच फांद्यांना बसलाय, म्हणजे आशा भरपूर आहे. पुढची पालवी सरळ आली की वाकड्या फांद्या काढा.

मातीची खात्री घरीच होते. त्या वाफ्यातली माती एका कुंडीत आणि लांबची दुसऱ्या कुंडीत भरून दोन्हींत चवळी पेरा. एका देठावर तीन पाती असलेलं पहिलं पान दोन्हीकडे सारखं सरळ निघालं तर वाफा लावायला मोकळा.

आणि पंप नुसत्या पाण्याने साफ होत नाही. औषध रबरी नळीत, नोजलात धरून राहतं. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, त्यावर रंगाने मोठ्ठं लिहून ठेवा.

धागाकर्ती :
खूप आभार. टोमॅटो काढले. चवळी आज पेरली. दिरांना सांगितल्यावर त्यांनी स्वतःच पंपावर लाल पट्टा ओढला. संध्याकाळी कढीपत्त्याला पाणी घातलं, तेव्हा वरच्या फांदीला दोन नवे कोंब दिसले. अजून बंद आहेत.