भिडू, सवंगडी आणि लिंबूटिंबू

प्रश्न : व्हिडिओ गेममध्ये आपल्या बाजूने खेळणाऱ्याला मराठीत काय म्हणावं? ‘सहखेळाडू’ कागदावर ठीक आहे, पण खेळताना तो शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. आणि अगदीच नवख्याला लिंबूटिंबू म्हटलेलं चालेल का?

प्रतिसाद १ : सरळ भिडू म्हणा. कॅरम असो की पत्ते, आपल्या बाजूचा तो भिडू. ‘ओव्हरकुक्ड’ (२०१६) खेळून बघा. एकाने कांदा चिरायचा, दुसऱ्याने ताटं धुवायची, आणि सूपकडे दुर्लक्ष झालं की भांडं पेटतं. स्वयंपाकघर मुद्दाम अडचणीचं केलंय, त्यामुळे गप्प बसून खेळताच येत नाही.

प्रतिसाद २ : लिंबूटिंबू (आमच्याकडे कच्चा लिंबू) जपून वापरा. ‘मारिओ कार्ट’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये मागे पडलेल्याला वीज, तारा अशी जबर अस्त्रं मिळतात, पुढच्याला बऱ्याचदा केळ्याच्या सालीवर भागवावं लागतं. पण ती सवलत मागे राहिलेल्या कुणालाही मिळते, पट्टीच्या खेळाडूलासुद्धा. लिंबूटिंबूचं तसं नसतं. त्याच्यावर राज्य येत नाही, हे डाव सुरू होण्याआधीच सगळ्यांनी मान्य केलेलं असतं. त्याच्या जवळ जाणारी सोय म्हणजे ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’मधलं (२०१७) स्मार्ट स्टिअरिंग. गाडी रस्ता सोडत नाही, मागे छोटी अँटेना दिसते, म्हणजे इतरांनाही कळतं. बदल्यात काही आडवाटा बंद. लहान पोर मोठ्यांबरोबर पूर्ण शर्यत पळतं, मला ही कल्पना फार आवडते.

प्रतिसाद ३ : भिडू म्हटलं की बाजू आल्या, समोर कुणीतरी आलं. ‘जर्नी’त (२०१२) तसं कुणीच नाही. वाळवंटात इंटरनेटवरून खेळणारा दुसराच कुणी अनोळखी माणूस भेटतो, त्याचं नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. घडवताना आधी खेळाडू एकमेकांना ढकलू शकत होते, आणि चाचणीत लोक खरंच एकमेकांना खड्ड्यात ढकलायला लागले. मग निर्मात्यांनी धक्काच काढून टाकला. त्याऐवजी जवळ आलं की दोघांच्याही उपरण्यात उडण्याचं बळ भरतं. माणसं तशीच, पण आता ती एकमेकांसाठी थांबतात! नावं कळतात ती अगदी शेवटी. अशा सोबत्याला मी सवंगडीच म्हणेन. भिडू ‘ओव्हरकुक्ड’साठी राहू द्या.