वांगं काळं पडतं, तसंच काहीसं
विकरं (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) सांडपाण्यातलं फिनॉल हे विषारी रसायन ‘खाऊन टाकतात’ असं म्हटलं जातं, त्यात थोडी भर. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना? तिथेही विकरामुळे फिनॉल जातीचे रेणू एकमेकांना चिकटून गडद होतात. १९८० मध्ये रसायनशास्त्रज्ञ क्लिबानोव्ह आणि सहकाऱ्यांनी हॉर्सरॅडिश या तिखट मुळातलं पेरॉक्सिडेज हे विकर, जोडीला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून हेच पाण्यात करून दाखवलं. फिनॉलचा न विरघळणारा साका होतो, तो गाळून घ्यायचा. म्हणजे फिनॉल नाहीसं होत नाही, रूप बदलून पाण्यातून साक्यात येतं! तो टाकणार कुठे, हे आधी ठरवायला हवं. शिवाय पेरॉक्साइड जास्त झालं की विकरच निकामी होतं. बुरशीतल्या लॅकेज या विकराला मात्र हवेतला ऑक्सिजन पुरतो, मला तीच वाट जास्त भरवशाची वाटते.