स्प्लिट एसीच्या खोलीत ताजी हवा कशी आणावी?

प्रश्न (म्हापसा): आमच्या झोपण्याच्या खोलीत स्प्लिट एसी आहे. दारे-खिडक्या लावून आम्ही तिघे झोपतो आणि पहाटे डोके जड होते. एसी बाहेरची हवा आत घेत नाही का?

उत्तर (फोंडा): नाही. भिंतीवरचे युनिट खोलीतलीच हवा फिरवून थंड करते. बाहेरच्या युनिटला जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून केवळ गॅस खेळतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, बंद खोलीत मात्र तो रात्रभरात सहज १,००० च्या वर जातो. तूर्त खिडकी दोन बोटे उघडी ठेवून पाहावी.

उत्तर (मडगाव): उन्हाळ्यात ते चालेल, परंतु जूनमध्ये पाऊस लागला की त्याच फटीतून दमट हवा येते आणि कपाटातल्या चामडी चपलांवर बुरशी धरते, हे मी भोगले आहे. नुसता एक्झॉस्ट पंखा लावल्यासही तेच होते, कारण बाहेर फेकलेल्या हवेची जागा फटींतून शिरणारी ओली हवाच घेते. एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर (भिंतीतून ताजी हवा आत घेणारे व खोलीतली शिळी हवा बाहेर टाकणारे यंत्र) बसवल्यास आत येणाऱ्या हवेतील उष्णतेचा व बाष्पाचा बराचसा भाग बाहेर जाणाऱ्या हवेबरोबर निघून जातो. केवळ हीट रिकव्हरीचा प्रकार घेऊ नये. त्याने बाष्प अडत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. भिंतीला भोक पाडू देण्यास घरमालक राजी होईपर्यंत खिडकीवरच भागवतो.