मदत हवी आहे : किनाऱ्यालगतच्या घरासाठी कासवांना बाधा न आणणारे बाहेरचे दिवे

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात, समुद्राला लागून आमचे वडिलोपार्जित घर असून त्यातल्या तीन खोल्या आम्ही पर्यटकांना मुक्कामासाठी देतो. घर आणि वाळू यांच्यामध्ये सुरूच्या झाडांची एक विरळ रांग सोडली तर काहीच आडोसा नाही. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री याच वाळूत अंडी घालायला येतात. कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालून अंडी हॅचरीत हलवतात, तरी एखादे घरटे नजरेतून सुटतेच.

गेल्या एप्रिलमध्ये अशाच एका घरट्यातली पिले रात्री वर आली. सकाळी पाहतो तर वाळूवरचे त्यांचे माग पाण्याकडे न जाता सुरूखालून थेट आमच्या अंगणाकडे वळलेले. पोफळींना पाणी नेणाऱ्या पाटात सात पिले सापडली, त्यांतल्या दोघांना मुंग्या लागलेल्या होत्या. कारण शोधायला लांब जावे लागले नाही. आम्हीच खांबावर लावलेला ५० वॅटचा पांढरा एलईडी फ्लडलाइट रात्रभर समुद्राच्या दिशेने सुरू होता. पिले उजळ क्षितिजाकडे धाव घेतात आणि अंधाऱ्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचे असते, हे मला ठाऊक होते. तरीही दिवा लावताना ते मनात आले नाही, याची बोच अजून जात नाही.

तो दिवा त्याच दिवशी उतरवला. मात्र पूर्ण अंधार ठेवणेही शक्य नाही, कारण जांभ्याच्या पाखाडीवर फुरसे निघते आणि आई पहाटे त्याच वाटेने गोठ्याकडे जाते. म्हणून वाटेच्या कडेने गुडघ्याएवढ्या उंचीचे, वरून आणि समुद्राच्या बाजूने झाकलेले, ३ ते ५ वॅटचे दिवे बसवावेत असा विचार आहे.

खरी अडचण रंगाची आहे. कासवांना निळा आणि हिरवा प्रकाश अधिक ओढतो, म्हणून ५६० नॅनोमीटरपेक्षा अधिक तरंगलांबीचा, म्हणजे अंबर किंवा लाल प्रकाश वापरावा, एवढे मला समजले आहे. तालुक्याच्या बाजारात 'अंबर' म्हणून मिळालेला दिवा लावून त्याचे प्रतिबिंब जुन्या सीडीवर पाहिले (तिथे प्रकाशातले रंग वेगवेगळे होऊन दिसतात), तेव्हा पिवळ्याच्या शेजारी निळी पट्टी स्वच्छ दिसली. २७०० केल्विनच्या वॉर्म व्हाइट दिव्याचेही तसेच. मूळचाच ५९० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देणारा, निव्वळ पिवळे आवरण न चढवलेला एलईडी महाराष्ट्रात कोठे मिळतो का? अशा प्रकाशात तांबूस जांभ्यावरचे फुरसे वेळेवर ओळखू येते का, हे कोणी प्रत्यक्ष अनुभवले असेल तर अवश्य सांगावे, कारण आईच्या बाबतीत मला धोका पत्करायचा नाही. हालचालीने लागणारा सेन्सर बसवावा, तर कुत्र्यांमुळे दिवा रात्रभर लागत-विझत राहील अशी शंका वाटते. खाऱ्या हवेत पत्र्याची आवरणे दोन पावसाळेसुद्धा टिकत नाहीत. पितळेची घेतलेल्यांचा अनुभव काय आहे?

दिवाळीपूर्वी वायरिंगचे काम उरकायचे आहे. शेजारच्या दोन घरांनीही आमच्यासारखेच दिवे लावण्याचे कबूल केले असल्याने एकूण १४ दिवे एकदम घेता येतील, तेव्हा विक्रेता आणि अंदाजे किंमत कळवल्यास फार मदत होईल.