हौसेसाठी धनुष्य घ्यायचं तर बांबूचंच घ्या, पंधरा हजार कशाला घालवता? (पटत नसेल तर भांडा)

जुळेसोलापूरकर
गेल्या महिन्याभरात ऑफिसातल्या तिघांनी विचारलं की आर्चरी चालू करायचीय, धनुष्य कुठलं घेऊ, आणि तिघांनीही माझं ऐकून घेतलं आणि जाऊन दुसरंच घेतलं, म्हणून इथं लिहितोय. अरे आपण काय ऑलिम्पिकला चाललोय का? अक्कलकोट रोडला चुलत्याचं शेत आहे, रविवारी सकाळी उन्हं चढायच्या आत पंधरा-वीस मीटरवरनं पोत्यावर नेम मारायचा, दीड-दोन तास, मग कडक भाकरी शेंगा चटणी आणि घरी. एवढ्यासाठी माझं बांबूचं धनुष्य आहे, साडेतीन हजाराला पडलं, सहा लाकडी बाण धरून साडेचार. तीन वर्षं झाली, अजून टकाटक. आणि हे काय जत्रेतलं खेळणं नाही, आपल्याकडं इंडियन राउंड म्हणून रीतसर प्रकार आहे, ३० आणि ५० मीटरचा, बांबूच्या धनुष्यानंच खेळतात, ना साइट (नेम धरायची खूण) ना त्या पुढं लोंबणाऱ्या दांड्या. साइट लावून मारण्यात मजा ती काय? हातानं आणि डोळ्यानं अंदाज बसला पाहिजे. बोला.

एकच_नेम
मजेचं पटलं, बाकी नाही पटलं. माझं पण पहिलं बांबूचंच होतं. त्यावर पेन्सिलीनं ३० लिहिलेलं, म्हणजे दोरी ओढायला ३० पाउंडचा जोर. महिनाभर ओढलं, खांदा इतका भरून यायचा की सोमवारी गाडीचा क्लच दाबताना सुद्धा दुखतंय असं वाटायचं (हो माहितेय क्लच डाव्या पायानं दाबतात, पण वाटायचं). शेवटी घरातला तो बॅगा मोजायचा लोंबता काटा असतो ना, प्रवासाचा, तो दोरीत अडकवून ओढून बघितला तर सतरा किलोच्या वर, म्हणजे ३८ पाउंड! नवशिक्यानं ३८ पाउंड ओढायचं म्हणजे नेम शिकणं होत नाही, कुस्ती होते. हात थरथरायला लागला की माणूस दोरी गालाला नीट न टेकवता घाईत सोडून देतो आणि तीच सवय लागते, नंतर जाता जात नाही.
म्हणून माझं म्हणणं, टेकडाउन रिकर्व्ह घ्या. मधला दांडा वेगळा, वरचा खालचा लिंब (वाकणारी पट्टी) वेगळा, दोन बोल्टवर बसतात. पहिल्यांदा १८ किंवा २० पाउंडचे लिंब घ्यायचे, हात बसला की फक्त लिंब बदलायचे, दांडा तोच. मला सगळं मिळून अकरा हजार पडले, हो जास्तच आहेत, पण दोन वर्षांत दुसरं धनुष्य घ्यावं लागलं नाही. बांबूचं जड पडलं तर काय करणार, तासून हलकं करणार का?

जुळेसोलापूरकर
तासतात की! करणारे करतात. आणि तुझ्या त्या ३८ चं म्हणशील तर दुकानात उभं राहून ओढून न बघता घेतलंस ही तुझी चूक बे, बांबूची नाही.

कंपाउंडची_बाजू
दोघंही मागच्या जमान्यात आहात राव. आपल्या शेजारच्या साताऱ्याच्या अदिती स्वामीनं २०२३ ला बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली, वय १७, आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं पुरुषांची. दोघंही कंपाउंडवर, म्हणजे चाकांच्या धनुष्यावर. २०२८ ला लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पण कंपाउंड येतंय, मिक्स्ड टीम. खांदा भरतो म्हणताय ना, तर कंपाउंडमध्ये ती चाकं असतात त्यांच्यामुळं दोरी पूर्ण मागं आली की वजन एकदम उतरतं. ७० टक्के लेट-ऑफ असेल तर ४० पाउंडचा बो धरून ठेवताना हातावर फक्त १२ पाउंड. निवांत नेम धरा. मी ऑनलाइन नऊ हजारात मागवला, सोबत साइट, रिलीज (दोरी सोडायचा चाप), सहा बाण सगळं आलं.

एकच_नेम
बाण कुठल्या स्पाइनचे, म्हणजे किती लवचिक आलेत? चाकांवरची केबल तुटली तर काय करणार?

कंपाउंडची_बाजू
केबलचं विचारू नको, तेच दुखणं आहे. आठ महिन्यांत कॅमपाशी (त्या चाकापाशी) धागे सुटायला लागले, केबल बदलायला बो प्रेस नावाच्या शिकंज्यात दाबून धरावा लागतो, तसं घरी सोडवता येत नाही, हात तुटेल. ज्यांच्याकडनं घेतला त्यांना फोन केला तर म्हणे आम्ही फक्त विकतो. शेवटी पुण्याला कुरियर केला, बो परत यायला पाच आठवडे. पण चालू असतो तेव्हा मात्र मख्खन.

रिटायर्ड_पीटीमास्तर
बारा महिन्यांतले पाच आठवडे धनुष्य पुण्याला आणि मी सोलापुरात, ही कसली स्वस्ताई बाबा.
माझे दोन पैसे. शाळेत पोरांना शिकवलंय म्हणून सांगतो, धनुष्य कुठलं ह्यावर सगळे तासन्‌तास बोलतात, बाणाबद्दल कोणी बोलत नाही. २० पाउंडच्या धनुष्याला जाड कडक बाण लावला तर तो वाकतच नाही, उजव्या हातानं मारणाऱ्याचा बाण सारखा डावीकडं जाणार, आणि पोरगं बिचारं स्वतःचा हात सुधारत बसणार. स्पाइनचा आकडा जितका मोठा तितका बाण लवचिक, हलक्या धनुष्याला ९००-१००० च्या आसपासचा लागतो. सेटमध्ये फुकट आलेले बाण बहुधा त्या धनुष्याचे नसतातच.
दुसरं, धनुष्यावर लिहिलेले पाउंड हे दोरी २८ इंच मागं आणली तरचे असतात. दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा आणि अडीचनं भागा, ती तुमची अंदाजे ओढ. हात ६५ इंच भरले तर २६ इंच. दर इंचाला साधारण दोन पाउंड कमी-जास्त, म्हणजे २८ ला ३० लिहिलेलं धनुष्य तुमच्या हातात २६ चंच. उंच माणसाचं उलट, त्याला तेच ३४ होतं आणि तो म्हणतो मला जमत नाही.

आईसाहेब_विजापूररोड
मास्तर, हे मला सहा महिने आधी कोणी सांगितलं असतं तर! मुलगी चौदाची आहे, अदितीचे व्हिडिओ बघून मागं लागली. मी एका दुकानात गेले, त्यांनी उजव्या हाताचा रिकर्व्ह दिला, मुलगी लिहिते उजव्या हातानं म्हणजे बरोबरच आहे असं वाटलं. सगळे बाण टार्गेटच्या बाहेर. मग एकाने सांगितलं, दोन्ही हातांचे पंजे जोडून मधे छोटं भोक ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबाकडं बघा आणि एकेक डोळा मिटा, ज्या डोळ्यानं खांब दिसत राहतो तो तुमचा डोळा. तिचा डावा निघाला! आता डाव्या हाताचं धनुष्य पाहिजे, कारण दांड्यात बाण ठेवायची खाच एकाच बाजूला कापलेली असते. दुकानदार परत घ्यायला तयार नाही, वापरलेलं आहे म्हणे.

जुळेसोलापूरकर
ताई हेच तर मी सांगालोय! बांबूच्या धनुष्याला खाचच नसते, मुठीवर बाण ठेवायचा, डाव्यानं मारा नाहीतर उजव्यानं. एका धनुष्यात अख्खं घर. घ्या पॉइंट, एकच_नेम.

एकच_नेम
हा पॉइंट दिला तुला. पण चौदा वर्षांच्या पोरीच्या मुठीवरनं पिसाचा बाण सरकतो तेव्हा काय होतं ते पण सांग. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी अजून व्रण आहे. हातमोजा घालून द्या, आणि कोपराच्या आतल्या बाजूला आर्मगार्ड, नाहीतर दोरी एकदा सपकन बसली की पोरगी धनुष्य खाली ठेवते ती ठेवतेच.

चादरवाल्याचा_पोरगा
धनुष्यावर भांडा, मी टार्गेटबद्दल बोलतो कारण त्यात सोलापूरला तोड नाही. लोक फोमचे ब्लॉक चार-पाच हजारांना मागवतात. आमच्या एमआयडीसीच्या गाळ्यात टॉवेलच्या कडा कापल्या की चिंध्यांचं पोतंच्या पोतं निघतं, किलोवर विकतात. साखरेचं रिकामं बारदान घ्या, त्यात चिंध्या भरा, पण नुसत्या भरू नका, आत उतरून पायानं तुडवून तुडवून भरा, आमच्याकडं मी आणि धाकटा भाऊ आळीपाळीनं पोत्यात उभं राहून नाचलो होतो, आजी बघून हसून हसून बेजार. सैल राहिलं तर बाण आरपार. तोंड शिवून टाका, टांगू नका, मागं भिंतीला टेकवून ठेवा. माझ्या २४ पाउंडच्या बाणाला चार बोटं आत घेतं आणि दोन बोटांनी बाहेर येतो. वर्ष झालं, दोनदा वरनं चिंध्या भरल्या एवढंच.
कडब्याच्या पेंढ्या लावून बघितल्या आधी, ज्वारीचा जिल्हा ना आपला. बेकार. बाण मधनं सुळकन निघून जातो आणि मागं हरभऱ्यात शोधत बसा.

कंपाउंडची_बाजू
हे चिंध्यांचं भारीये. माझा बाण मात्र थांबेल का त्यात? ४० पाउंड आहे.

चादरवाल्याचा_पोरगा
दोन पोती एकामागं एक लाव. आणि तुला ४० पाहिजेच कशाला हे कळत नाही मला, डुकरं मारायचीत का? १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे, चिंध्यांच्या पोत्याला १८ पाउंड पुरतं.

रिटायर्ड_पीटीमास्तर
बरोबर. आणि गच्चीवर मारणाऱ्यांना हात जोडून विनंती, करू नका. जुळे सोलापूरच्या गच्च्या एकमेकींना चिकटून आहेत, एक बाण हुकला की थेट कुणाच्या पापडांच्या वाळवणात नाहीतर कुणाच्या डोक्यात. शेत, मोकळी जागा, मागं मातीचा बांध, आणि मारणाऱ्याच्या पुढं कोणी नाही. बाण लावल्याशिवाय दोरी ओढून सोडायची नाही हे पण पोरांना पहिल्या दिवशी सांगा. माझ्या मेव्हण्यानं गंमत म्हणून सोडली, बाणात जायची ती सगळी ताकद लिंबात गेली, काडकन आवाज आणि वरच्या लिंबाला उभी चीर. बाण पण रोज वाकवून कानाशी धरून बघा, कार्बनचा असेल तर जास्तच, चिरलेला बाण सुटताना फुटला तर कुसं हातात घुसतात.

एकच_नेम
आणि मे महिन्यात गाडीत ठेवू नका. ४२-४३ मध्ये बंद गाडीच्या डिकीत लिंबाचे थर सुटतात. बांबूचं असेल तर दोरी चढवून तर अजिबात ठेवायचं नाही, वाकलेलंच राहतं. जुळेसोलापूरकर, तू ठेवतोस ना भिंतीवर दोरी चढवून, शोभेला? फोटोत दिसलं होतं.

जुळेसोलापूरकर
ते फोटोपुरतं चढवलं होतं.

एकच_नेम
बरं. मग एवढं कर, काटा आणतो, रविवारी तुझं बांबूचं मोजू. मी माझे २० चे लिंब पण घेऊन येतो.

जुळेसोलापूरकर
(सोमवारी)
मोजलं. २८ इंचाला ३४, पण माझे हात मोजले तर ओढ निघाली २६, त्या ओढीला बरोबर ३०. लिहिलेलं पण ३०. ज्या कारागिरानं बनवलं त्यानं मला उभं करून ओढायला लावलं होतं आणि मगच पेन्सिलीनं आकडा टाकला होता, हे मी विसरूनच गेलो होतो. म्हणजे ऑनलाइन बांबू घेऊ नका, समोर बसून घ्या, एवढी दुरुस्ती माझ्या पहिल्या लिखाणात करतो. बाकी मी जागचा हललेलो नाही.
एकच भानगड झाली. बायको पण आली होती, तिनं आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलं. माझ्या बांबूचे सहाच्या सहा बाण हुकले, एक तर विहिरीच्या कठड्यावर. मग एकच_नेमच्या २० पाउंडवाल्यानं सहापैकी चार पोत्यात. काल रात्रीपासनं विचारालीय की तो अकरा हजाराचा कुठं मिळतो. हा धागा तिला दाखवलेला नाही, कोणी दाखवू पण नका.