आरक्षणात अडकलेला प्लॉट आणि मोठ्या प्रकल्पांसाठी येऊ घातलेले कायदे

प्रश्न: सांगलीची लेक
वडिलांनी 1996 साली कोल्हापूर रोडच्या आतल्या बाजूला तीन गुंठे घेतले. बांधकाम परवानगी मागायला गेलो तेव्हा कळलं, विकास आराखड्यात बागेचं आरक्षण आहे. ना बाग झाली, ना घर. बाबा दर पाडव्याला जाऊन कडेची बाभळ तोडून येतात. आता शहरांतले मोठे प्रकल्प लवकर मार्गी लागावेत म्हणून कायदे बदलायचं चाललंय. बाबा म्हणतात, एकदाचा निकाल लागेल. मला मात्र धास्ती वाटते.

निवृत्त आरेखक, मिरज
ताई, आधी तुमच्या कामाचं. नगररचना कायद्याचं कलम 127 बघा. आराखडा अमलात येऊन 10 वर्षं झाली आणि जागा घेतली नाही, तर मालकाला खरेदीची नोटीस देता येते. पुढच्या 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप उठतं. नोटिशीला मालकीचे कागद जोडावे लागतात.

आता कायद्याचं. आयुष्यभर नकाशे काढले, उशीर कुठं होतो ते बघितलंय. मोजणीत होतो, मयत खातेदारांच्या वारसनोंदीत होतो, आणि सगळ्यात जास्त निधीपायी. 2013 च्या भूसंपादन कायद्यात हरकतीला मिळतात 60 दिवस. संपादनाच्या घोषणेनंतर निवाड्याला, म्हणजे भरपाई ठरवायला, 12 महिने. तरीही 2014 च्या वटहुकमानं पाच प्रकारच्या प्रकल्पांना सूट दिली ती जमीनमालकांच्या संमतीतून आणि सामाजिक परिणामांच्या पाहणीतून. पुढच्या वर्षी तो बारगळला, पण कात्री लोकांच्या बोलण्यावरच चालली होती.

एका सुनावणीला एक आजोबा आलेले. नकाशातल्या रस्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "सायेब, हितनं पाणी येतंय." आमच्या कागदावर तिथं कोरी जागा. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर बुजत आलेला ओघळ, काळ्या मातीत चप्पल रुतून बसली. मग रस्त्याखाली मोरी धरली. ती सुनावणी नसती तर पावसाळ्यात तो रस्ताच बांध झाला असता आणि मागची घरं पाण्यात गेली असती. वेळ वाचवायचाच तर मोजणीला माणसं द्या, पैसे आधी बाजूला ठेवा. हरकतीचे दिवस तोडू नका.

गावभागातली
काका, पटतं. पण 2019 च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45. आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर गाळाची रेघ अजून आहे. पुराच्या कामांना तरी घाई हवीच.

निवृत्त आरेखक, मिरज
हवीच. पाणी कुठवर आलं हे त्या पायरीवरनं कळतं, म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय नको.

सांगलीची लेक
काका, फार उपकार झाले. उताऱ्यावर चुलत्यांचंही नाव आहे. नोटीस एकट्या बाबांनी दिली तर चालेल?

निवृत्त आरेखक, मिरज
दोघांच्या सह्या घ्या. त्याआधी झोन दाखला (आराखड्यात जागा कशासाठी दाखवलीय त्याचा कागद) काढा आणि वकिलांना कागद दाखवा. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका, 24 महिने त्या तारखेपासून मोजायचे.